बस्ता, आहेर आणि हौस

कपड्यांवर किती खर्च करावा, हा प्रश्न मराठी घरांत क्वचितच आकड्यांत विचारला जातो. किराणा, वीज, मुलांची फी, कर्जाचा हप्ता यांचा हिशेब वहीत नसला तरी निदान डोक्यात असतो. कपड्यांचा हिशेब मात्र नसतो, कारण कपडे दरमहा घेतले जात नाहीत. ते गणपतीत, दिवाळीत, लग्नसराईत आणि शाळा उघडण्याच्या सुमारास एकदम घरात येतात, आणि त्या वेळी झालेला खर्च कपड्यांचा न मानता सणाचा, लग्नाचा किंवा मुलांचा मानला जातो. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे या गावात हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे औद्योगिक वसाहतीतला दरमहाचा पगार, आंबा-काजूचा वर्षातून एकदा हाती येणारा पैसा आणि मुंबई-पुण्याकडून येणारी मदत, अशी तीन तऱ्हेची मिळकत एकाच घरात नांदू शकते, आणि प्रत्येक तऱ्हेच्या पैशाला कपड्यांकडे जाण्याची आपापली वाट असते. या सगळ्या वाटांचा विचार केला म्हणजे असे दिसते की एकूण रक्कम किती, याआधी ती कोणाच्या नावावर पडते हे पाहायला हवे: अंगाच्या गरजेच्या, लोकांच्या मानाच्या की स्वतःच्या हौसेच्या. या तीन खात्यांपैकी मधले खाते बहुतेक घरांत सर्वांत मोठे असते, पण काटकसरीची वेळ आली की कात्री चालते ती नेमकी तिसऱ्यावर.

आधी आकडे पाहणे बरे. ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे सामान्य कुटुंब ज्या वस्तू आणि सेवा विकत घेते त्यांच्या किमतींतील चढउतार मोजण्याचे सरकारी परिमाण. त्यात प्रत्येक वस्तुगटाला कुटुंबाच्या खर्चातील त्याच्या वाट्याप्रमाणे वजन दिलेले असते. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत कपडे आणि पादत्राणे या गटाचे वजन ग्रामीण भागासाठी ७.३६, शहरी भागासाठी ५.५७ आणि एकत्रित ६.५३ टक्के होते. २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत देशातील माणशी सरासरी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आढळला. वजने जुन्या पाहणीवरून ठरलेली असल्याने या दोन आकड्यांचा गुणाकार ढोबळच ठरतो, पण अंदाजापुरता तो उपयोगी आहे: खेड्यात माणशी महिना सुमारे तीनशे रुपये, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला वर्षाला साधारण साडेचौदा हजार; शहरात माणशी महिना सुमारे ३९० रुपये, म्हणजे चौघांना वर्षाला साधारण पावणेएकोणीस हजार. शहरातले माणूस रुपयांत अधिक खर्च करते, पण त्याच्या एकूण खर्चातला कपड्यांचा वाटा कमी असतो. मिरजोळे या दोन्हींच्या सीमेवर आहे; ग्रामपंचायतीच्या नोंदीत ते गाव आहे, पण तेथील बाजारहाट शहराची आहे.

अर्नस्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कामगार कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून असे मांडले की मिळकत वाढत जाते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो. कपड्यांचे वागणे याहून वेगळे असते. पोट भरल्यावर आणखी जेवण्याला मर्यादा असते, तशी मर्यादा अंग झाकण्याच्या गरजेलाही असते. पण शोभेच्या इच्छेला ती नसते, म्हणून मिळकतीबरोबर कपड्यांचा खर्चही वाढत राहतो आणि त्याचा वाटा अन्नासारखा झपाट्याने उतरत नाही. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा शंभर रुपयांतले जवळपास ५७ रुपये अन्नावर आणि साडेनऊ रुपयांच्या आसपास कपड्यांवर जात असल्याचे दिसले. घरभाडे मात्र कपड्यांपेक्षा कमी, आठ रुपयांच्याही आत होते. चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे भाड्याहून अधिक पैसे कपड्यांसाठी बाजूला काढत होती, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे.

त्या माणसांत रत्नागिरीची माणसे फार मोठ्या संख्येने होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि पुढच्या अर्धशतकात कोकणातून मुंबईकडे जाणारी वाट रुळून गेली. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या काळच्या जिल्ह्यात १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्गही मोडत असे. साऱ्या देशाला लागणारे कापड विणण्यात या जिल्ह्याचा हात होता, आणि ते कापड परत जिल्ह्यात येत होते चाकरमान्याच्या ट्रंकेतून. चाकरमानी म्हणजे मुंबईत नोकरी करणारा आणि गणपती-शिमग्याला गावी येणारा कोकणी माणूस. त्याने आणलेले लुगडे, सदऱ्याचे कापड, मुलांसाठी घेतलेले कटपीस यांवर घराचे वर्षभराचे नेसणे-पांघरणे अवलंबून असे. कोकणातल्या अनेक घरांत नव्या कपड्यांचा मुख्य सण दिवाळीऐवजी गणपती ठरला, त्यामागे चाकरमान्याच्या रजेचे हे वेळापत्रकही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन उलटेपालटे केले आणि पुढे गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा कोकणातल्या घरांत येणारी मनीऑर्डर तर आटलीच, पण कापडाची पारख असलेली एक पिढीही विखुरली. बोटांच्या चिमटीत कापड धरून त्याचा पोत, सुताचा पीळ आणि विणीची दाटी सांगू शकणारी ती माणसे होती. आजच्या ग्राहकाकडे पैसा त्यांच्याहून जास्त आहे, पण ही पारख फार कमी जणांकडे आहे, आणि कपड्यांवरचा पुष्कळसा व्यर्थ खर्च या अभावातूनच होतो.

कपड्यांवरील खर्चाला सरसकट चैन म्हणणारी एक नीतिकल्पना मराठी समाजात खोलवर रुजलेली आहे. साधी राहणी हा आदर्श थोर आहे यात शंका नाही, पण तो सर्वांना सारख्याच अर्थाने लागू करता येत नाही, कारण या समाजात कोणी काय नेसावे हे शतकानुशतके जातीवरून ठरवले जात होते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीविषयी आहे. त्यात एकेका जातीचे घर, अन्न आणि पेहराव यांचे वेगवेगळे वर्णन येते, म्हणजे वेशावरून माणूस ओळखता येत होता आणि तो तसा ओळखता यावा, हीच व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. डिसेंबर १९२७ मध्ये कोकणातल्याच महाड येथे भरलेल्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात पेहरावाचा प्रश्न मध्यवर्ती होता. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची आखूड पद्धत सोडावी, हातापायांतले आणि गळ्यातले जड, जात सांगणारे दागिने टाकावेत, कपडे फाटके असले तरी स्वच्छ असावेत, असा त्या भाषणाचा आशय होता, आणि त्यानंतर परिषदेला आलेल्या अनेक स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगेच बदलली. खर्चाच्या दृष्टीने या घटनेत फार मोठा अर्थ आहे. तेच लुगडे घोट्यापर्यंत नेसण्याला एक पैसाही जास्त लागत नाही. जड दागिने सोडल्याने तर पैसा वाचतो. स्वतःच्या अंगावर काय आणि कसे असावे हे दुसऱ्याने ठरवू नये, इतकाच तो बदल होता, आणि वैयक्तिक शैलीची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. आंबेडकर स्वतः नीटनेटका सूट वापरत, त्यालाही याच भूमिकेचा आधार होता. जिला पिढ्यान्पिढ्या नवे लुगडे नेसण्याची मुभा नव्हती, तिच्या नातीला साध्या राहणीचा उपदेश करण्याआधी हा इतिहास लक्षात घेतलाच पाहिजे.

दिखाऊ खर्चाची मीमांसा थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये केली. आपली ऐपत इतरांना दिसावी म्हणून केलेला खर्च सर्वांत उघडपणे कपड्यांत दिसतो, कारण घरातली तिजोरी कोणी पाहत नाही, अंगावरचे वस्त्र मात्र रस्त्यावरचा प्रत्येक जण पाहतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. भारतीय पेहरावाचा सविस्तर अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच; त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेब्लेनची मांडणी मराठी समाजाला लावताना मात्र एक दुरुस्ती करावी लागते. येथे दिखावा एकट्या माणसाचा नसून कुटुंबाचा असतो, आणि तो स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दुसऱ्याला दिलेल्या कपड्यांतून होतो.

त्या देण्याचे नाव आहेर. लग्नात दोन्ही घरची मंडळी एकत्र जाऊन जी कपडेखरेदी करतात तिला बस्ता बांधणे म्हणतात. रत्नागिरीच्या परिसरात हा बस्ता शहरातल्या राम आळीच्या बाजारपेठेत बांधला जातो, ऐपत आणि हौस असेल तर आंबा घाट ओलांडून कोल्हापुरात किंवा थेट दादरला. त्यात वधूचा शालू, मामाकडची पिवळी साडी, आजीचे आजेचीर, वराचा पोशाख ही तर मुख्य वस्त्रे. त्यांना अर्थ आहे, ती जपली जातात, त्यांची आठवण राहते. पण बस्त्याचा मोठा भाग यांनी बनत नाही. तो बनतो चुलत-मावस नात्यांना, शेजारपाजाऱ्यांना, व्याह्यांच्या व्याह्यांना द्यायच्या साड्यांच्या आणि शर्टपीस-पँटपीसच्या गठ्ठ्यांनी. समजा, एका मध्यम लग्नात पाचशे रुपयांच्या साठ साड्या आणि चारशे रुपयांची चाळीस कापडे द्यावी लागली, तर तीस हजार आणि सोळा हजार मिळून ४६,००० रुपये झाले. वर काढलेल्या ढोबळ सरासरीने ग्रामीण कुटुंब जेवढे पैसे तीन वर्षांत आपल्या अंगावरच्या कपड्यांना घालवते, त्याहून ही रक्कम मोठी आहे.

या साड्यांचे पुढे काय होते, हे प्रत्येक मराठी स्त्रीला ठाऊक आहे. त्या नेसल्या जात नाहीत. बाजूला ठेवल्या जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या ओटीत पडतात. त्या न नेसण्याचे कारण आवडनिवड एवढेच नसते, त्यामागे साधे अर्थकारणही आहे. साडी नेसण्याजोगी व्हायची तर तिला फॉल लावावा लागतो, पिको करावा लागतो, अस्तराचा ब्लाऊज शिवून घ्यावा लागतो, आणि पाचशे रुपयांच्या साडीवर हा खर्च सहज साडीच्या किमतीएवढा होतो. म्हणजे देणाऱ्याने पाचशे खर्च केले आणि घेणाऱ्यावर तेवढ्याच खर्चाचा भार टाकला. तो भार नको म्हणून साडी घडीतच राहते. शर्टपीसचेही तसेच आहे, कारण तयार शर्ट स्वस्त झाल्यापासून शिलाई ही कापडाहून महाग गोष्ट झाली आहे. या फिरत्या आहेरात कापड विणणाऱ्याची मेहनत जाते, देणाऱ्याचे पैसे जातात आणि अखेर कोणाचेही अंग सजत नाही. अलीकडे अनेक लग्नपत्रिकांवर आहेर आणू नये अशी ओळ छापलेली दिसते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, मात्र ती बहुधा येणाऱ्या आहेरापुरतीच असते, देण्याच्या गठ्ठ्यापर्यंत पोचत नाही. मानपान टाळला तर नाती दुखावतील ही भीती खोटी नाही. पण साठ जणींना नको असलेली साडी देण्यापेक्षा सहा जवळच्या स्त्रियांना विचारून, त्यांच्या पसंतीची, ब्लाऊज शिवलेली साडी देणे मानाला अधिक शोभणारे आहे, आणि खर्चही निम्म्याहून कमी होतो.

आता तिसऱ्या खात्याकडे, म्हणजे हौसेकडे वळता येईल. हौस या शब्दात इच्छा, आनंद आणि थोडा खेळकरपणा एकत्र आलेला आहे. तिला मोल नसते ही म्हण मराठीत रूढ आहे आणि तिचा उपयोग बहुधा उधळपट्टीच्या समर्थनासाठी होतो. त्या म्हणीचा दुसराही अर्थ घेता येतो: हौस ही पैशांनी मोजण्याची वस्तू नाही, म्हणून ती थोड्या पैशांतही पुरी होऊ शकते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि तो घेऊन पालगडला घरी जातो. कोट एकच, पण त्यामागे मुलाच्या मनातली ओढ ओळखणारे डोळे आहेत, पैन्‌पै जमवणे आहे, कापड निवडणे आणि मापाचा अंदाज करणे आहे. वस्त्राचा आनंद ज्या ज्या गोष्टींनी बनतो त्या सगळ्या तेथे आहेत.

स्वतःची शैली असणे म्हणजे स्वतःविषयी काही गोष्टी निश्चित माहीत असणे: कोणता रंग आपल्या कांतीला उठाव देतो, कोणत्या पोताच्या कापडात दिवसभर सुखाने वावरता येते, खांद्याची शिवण कुठे यावी. आणि आपण कुठे राहतो हेही तिच्यात येते. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही हवा दमट असते. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कादेखील नाही. त्यामुळे एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत सुती सदरा घाम टिपतो आणि पॉलिस्टरचा अंगाला चिकटतो. उलट जुलैत, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत तेव्हा, तेच पॉलिस्टर रात्रीत सुकून सकाळी अंगावर चढते. मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयासाठी बेतलेला पोशाख मिरजोळ्याच्या बसथांब्यावर उपयोगी पडत नाही. जांभ्याच्या लाल मातीचा डाग लोहामुळे पडतो आणि ब्लीचने निघत नाही, म्हणून पांढरी पँट पावसाळ्यात चार वेळा घातली की संपली. गडद निळा, करडा, मातकट तांबडा हे रंग त्या भूमीला साजतात. रेशमाला दमट हवेत बुरशी धरते, हलक्या दर्जाची तांबूस जर काळी पडते, आणि जरीला डांबरगोळी लागू न देणे, साडी सुती फडक्यात गुंडाळणे, घडी अधूनमधून मोडून दुसऱ्या रेषेवर घालणे ही काळजी घेतली नाही तर दहा हजारांची साडी चार पावसाळ्यांत जाते. तिची किंमत देण्याची तयारी असणाऱ्याने तिची निगा राखण्याचीही तयारी ठेवायला हवी. नाहीतर तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही असे समजावे.

कपडा महाग की स्वस्त हे ठरवण्यासाठी प्रतिवापर खर्च ही कल्पना वापरली जाते: किमतीला तो कपडा किती वेळा घातला त्या संख्येने भागायचे. चारशे रुपयांचा टी-शर्ट दहा धुण्यांत ओघळला तर एका वेळेला चाळीस रुपये पडले. दीड हजाराचा चांगल्या सुताचा शर्ट शंभर वेळा घातला तर पंधरा. सेलमध्ये घेतलेल्या आणि न घातलेल्या कुर्त्याचा प्रतिवापर खर्च मोजताच येत नाही. रोजच्या कपड्यांसाठी ही कसोटी उत्तम आहे, आणि ती लावली की बाजारातले पुष्कळ स्वस्त सामान महाग ठरते. पण ती सर्वत्र लावणे चुकीचे आहे. आजीची पैठणी वर्षातून एकदा नात नेसते, तेव्हा भागाकाराने येणारे उत्तर खरे असूनही निरर्थक असते. वर्षातून एखादे वस्त्र निव्वळ आवडले म्हणून घ्यावे आणि त्याचा भागाकार करू नये. अट एवढीच की ते स्वतःला आवडलेले असावे, दुसरीच्या अंगावर पाहून घेतलेले नव्हे.

शैलीवर खर्च होणाऱ्या पैशांत सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा शिंप्याकडे जातो, हे मत येथे आग्रहाने मांडावेसे वाटते. तयार कपडे ठरावीक मापांत येतात आणि माणसांची शरीरे त्या मापांची नसतात. शंभर-दोनशे रुपये देऊन कंबर आत घेतली, बाही अर्धा इंच वर घेतली, की सामान्य किमतीचा कपडाही अंगासाठीच शिवल्यासारखा बसतो. कापड घेऊन शिवून घेण्यालाही पुन्हा अर्थ येऊ लागला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या शिवलेल्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे २,५०० रुपयांच्या कुर्त्यावर १२५ रुपये कर बसतो आणि २,६०० रुपयांच्या कुर्त्यावर ४६८ रुपये. किमतीत शंभराचा फरक, देण्यात चारशे त्रेचाळीस रुपयांचा. न शिवलेल्या कापडावर कर ५ टक्केच आहे. समारंभाचा पोशाख चांगले कापड घेऊन गावातल्याच कुशल हातांकडून शिवून घेतला तर कर वाचतो, माप नेमके बसते आणि पैसा गावात राहतो.

औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुण मुलींचा विचार या संदर्भात स्वतंत्रपणे करायला हवा. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांत स्वच्छतेच्या नियमांमुळे डोक्याला टोपी, अंगात एप्रन, पायात गमबूट असा एकसारखा वेश असतो आणि दागिन्यांना मज्जाव असतो. दिवसाचे आठ तास ज्यांना स्वतःसारखे दिसण्याची मुभा नाही, त्यांनी पगाराच्या रविवारी रत्नागिरीच्या बाजारात जाऊन कानातले आणि कुर्ता घेतला तर त्याला उधळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी सावध राहायचे ते मोबाइलवरच्या हप्त्यांच्या आमिषापासून, कारण तीन महिन्यांत फेडायचा कुर्ता पुष्कळदा दोन महिन्यांत विटतो. याच मुलींनी नवरात्रातल्या नऊ रंगांच्या प्रथेला दिलेले उत्तर मोलाचे आहे. वृत्तपत्रांनी गेल्या दोन दशकांत घराघरांत पोचवलेली ही प्रथा नऊ नव्या वस्त्रांच्या खरेदीचे निमित्त होऊ शकली असती. पण अनेक जणी मैत्रिणींत, जावांत, मायलेकींत साड्यांची आणि ओढण्यांची अदलाबदल करून नऊ दिवस निभावतात. त्या अदलाबदलीत गप्पा होतात, कोणाला काय खुलते हे कळते आणि खर्च होतो तो फार तर एखाद्या ओढणीचा.

मग रक्कम किती असावी? चौघांच्या ज्या घरात महिन्याला पस्तीस हजार रुपये येतात, त्याने वर्षभराच्या मिळकतीच्या पाच टक्के, म्हणजे एकवीस हजार रुपये, घरातल्यांच्या कपड्यांसाठी आणि पादत्राणांसाठी ठेवणे वाजवी ठरेल. शाळेचे गणवेश, चपला, रेनकोट आणि आतले कपडे यांतच त्यातले निम्म्याहून अधिक जातील, आणि या वस्तूंत दर्जाची कसर करू नये, कारण त्या रोज अंगाला लागतात. उरलेल्यातून प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजारांच्या आसपास हौसेचे येतात. ते ज्याचे त्याने, कोणालाही कारण न सांगता वापरावेत. गृहिणीच्या बाबतीत हे विशेष आग्रहाने सांगायला हवे, कारण मुलांचे झाले, यांचे झाले, आता माझे राहू दे, हे वाक्य ज्या घरात दरवर्षी ऐकू येते त्या घराचा हिशेब चुकलेला असतो. आहेराची रक्कम या एकवीस हजारांत मिसळू नये. ती वेगळी लिहावी, म्हणजे तिचा आकार डोळ्यांना दिसतो. आंब्याच्या पैशावर चालणाऱ्या घराने टक्केवारी एका चांगल्या हंगामावर न काढता मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर काढावी, कारण मोहोर गळाला तरी गणपती त्याच तिथीला येतात.

या हिशेबाला बसण्याची योग्य वेळ कोकणात आपोआप ठरलेली आहे. पाऊस सरतो, ऑक्टोबरचे ऊन तापू लागते आणि घरोघरी ट्रंका आणि कपाटे उघडून कपड्यांना ऊन दाखवले जाते. अंगणात, गडग्यावर, दोरीवर सारे एकदम पसरले की घरात काय आहे ते वर्षातून एकदाच पूर्ण दिसते: घडी न मोडलेल्या आहेराच्या साड्या, दोनदाच घातलेला लग्नातला कोट, कोपरांवर विरलेला पण टाकवत नसलेला सदरा. पूर्वी यातले काही बोहारणीकडे जाऊन त्याचे भांडे येत असे. जुन्या मऊ लुगड्यांची मात्र गोधडी होत असे. चार-पाच थर एकावर एक पसरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत बायका ती शिवत, आणि वरच्या थराला नेहमी ते लुगडे निवडत ज्याचा रंग तिला, म्हणजे जिने ते नेसून नेसून विरवले तिला, सर्वांत आवडलेला असे.